धरून चालण्याचा शब्द

माझं जे काही शिक्षण झालं, त्यासाठी मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका शिपायाचा. आईवडिलांचा आहेच, प्राध्यापकांचाही आहे. पण आधी कुणाला नमस्कार करायचा असं विचारलं तर त्यांना. नगर जिल्ह्यात शाळा-कॉलेजातल्या शिपायांना सगळे मामा म्हणतात, तसे तेही मामा. कागदावरचा हुद्दा ‘ग्रंथालय परिचर’, शिक्षण सातवी पास. कॉलेज कोणतं ते लिहीत नाही. तालुक्याच्या गावाला अशी कॉलेजं आपल्याकडे बरीच आहेत.

मी शेवगावच्या पूर्वेकडचा. तूर, कपाशी, बाजरी, आणि घरात माझ्या आधी दहावीच्या पुढे गेलेलं कुणी नाही. बी.ए.ला मी इंग्रजी विषय का घेतला, हे मला मुलाखतीत दोनदा विचारलं गेलं आणि दोन्ही वेळा मी काहीतरी चांगलं उत्तर दिलं. खरं उत्तर असं, की प्रवेशाच्या खिडकीत कारकुनाने “स्पेशल कोणता?” असं विचारलं तेव्हा माझ्या पुढच्या मुलाने इंग्रजी सांगितलं होतं. मीही इंग्रजी म्हणालो. तो मुलगा पंधरा दिवसांनी मराठीला गेला. मी राहिलो.

ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात लोखंडी जाळी लावून संदर्भ विभाग केलेला होता. तिथली पुस्तकं घरी मिळत नसत. जाळीच्या दाराला कुलूप, आणि किल्ली मामांच्या सदऱ्याच्या खिशात. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि इंग्रजीचा एक भला मोठा शब्दकोश. मी पहिल्या महिन्यात तीन-चारदा जाळीबाहेर उभा राहून त्या शब्दकोशाकडे नुसता बघत होतो. मामांनी ते पाहिलं होतं.

“पाव्हनं, कुटलं?”

मी गाव सांगितलं.

“गाडी कवा?”

“पाचला.”

“मंग पाचपस्तोर हितं आत बसत जा. भायेर पोरं नुसत्या चकाट्या पिटत्यात. हितं पंखा हाय.” मग कुलूप काढता काढता म्हणाले, “पर फुकाट न्हाई. रोज एक विंग्रजी शबूद सांगायचा मला. पंख्याचं भाडं समज.”

हे भाडं मी तीन वर्षं भरलं. मामांचा नियम एकच होता: त्यांना समजेपर्यंत शब्द सांगायचा. मी शब्दकोशातला अर्थ वाचून दाखवला की ते म्हणत, “ही तर दुसरी विंग्रजी झाली. मला कळंल असं सांग. मला कळला तर तुला कळला.” आज मी वर्गात उभा राहून जे शिकवतो, ते तिथे शिकलो. दुसरं प्रशिक्षण मला कुणी दिलेलं नाही.

तिसऱ्या वर्षी एका निबंधात मला तीन शब्द एकापाठोपाठ भेटले. प्रॉबॅब्ली, अपॅरंटली आणि प्रिझ्युमेबली. माझ्याजवळच्या छोट्या इंग्रजी-मराठी कोशात तिन्हींपुढे ‘बहुधा’ असंच लिहिलेलं होतं. मी तेच मामांना सांगून मोकळा झालो.

“तिघं भाऊ एकसारके कसे आसतील?” मामा म्हणाले. “एक तरी काळा आसंल. बघ नीट.”

मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना एसटीचं उदाहरण दिलं. म्हटलं, “मामा, आमची गाडी रोज पाचला येते, म्हणून आजही येईल, याला प्रॉबॅब्ली म्हणायचं. स्टँडवर अजून गर्दी उभी दिसतेय, म्हणजे गाडी आलेली नाही असं दिसतंय, हे अपॅरंटली. आणि मी स्टँडवर गेलोच नाही, हितंच बसलोय, पण सव्वापाच झाले म्हणून गाडी येऊन गेली असं धरून चाललो, तर ते प्रिझ्युमेबली.”

मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. “म्हंजी बघायला कुनी गेलं न्हाई.”

“नाही. पण धरून चालायला काहीतरी कारण असतं.”

“आस्तंय की. आमच्या मेव्हनीच्या सोयरिकीत आमी पोरगं बारावी झाल्यालं धरून चाललो.”

“का?”

“चष्मा हुता त्याला.”

“मग?”

“मंग काय? चष्मा तेवढा खरा निगाला.”

मी इतका हसलो की बाहेरून कुणीतरी “शांतता!” म्हणून ओरडलं. पुढे मी व्याकरणाची आणि शैलीची बरीच पुस्तकं वाचली. लिहिणाऱ्याला आपण किती ठामपणे बोलतोय हे सांगणारी ही क्रियाविशेषणं, असं त्यांत सगळीकडे आहे. पण प्रिझ्युमेबली कधी वापरावा हे त्या चष्म्याइतकं स्पष्ट मला कुणी सांगितलं नाही.

एम.ए. मी नगरला केलं. सेट परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली आणि त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलो. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास घ्याल तितकेच पैसे. दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत आणि नवा आदेश. पहिल्या दिवशी मी ग्रंथालयात गेलो तेव्हा मामांनी सगळ्यांसमोर खुर्ची पुसली. “बसा सर.” मग जाळीच्या आत आल्यावर म्हणाले, “बस गड्या. भाडं चालू हाय बरं का.” तेव्हापासून तशीच रीत पडली. चारचौघांत ‘सर’ आणि जाळीच्या आत ‘गड्या’.

मी लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, ग्रंथालयाची संपूर्ण पडताळणी करायची असं ठरलं. आधीचे ग्रंथपाल निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते, नवं पद भरलेलं नव्हतं, आणि मामाही जूनअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या आधी सगळी पुस्तकं एकदा नोंदवहीशी ताडून घ्यावीत, यात गैर काही नव्हतं. समिती तिघांची: इतिहासाचे एक ज्येष्ठ सर, कार्यालयाचे अधीक्षक आणि मी. मला का घेतलं हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. “अहवाल इंग्रजीत द्यायचा असतो. आम्ही मोजतो, तुम्ही लिहा.”

आठ दिवस आम्ही ते काम केलं. एकाने पुस्तकावरचा दाखल क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नोंदवहीत खूण करायची. मामा पुस्तकं काढून, झटकून हातात देत आणि परत जागेवर लावत. शेवटी पूर्ण ग्रंथालयात चौदा पुस्तकं कमी निघाली. इतकी वर्षं चाललेल्या ग्रंथालयात चौदा म्हणजे काहीच नव्हे. पण चौदाच्या चौदा जाळीच्या आतली होती, आणि जाळीची किल्ली एकाच खिशात होती.

आम्ही तिघं खिडकीजवळ बसून बोललो. मामा तेव्हा दहा-बारा फुटांवर पुस्तकं पुसत होते.

“सगळी जाडजाडच गेलीत बघा,” सर हळू आवाजात म्हणाले. “बारीक एक नाही. रद्दीवाल्याकडं वजनावर गेली असणार.”

“दोन महिन्यांनी माणूस रिटायर होतोय,” अधीक्षक म्हणाले. “गोडीत संपवा. फार काही लिहू नका.”

“पण काहीच न लिहून कसं चालेल? उद्या आपल्यालाच विचारतील.” सर माझ्याकडे वळले. “तुम्ही इंग्रजीचे आहात. असं काहीतरी लिहा, की लागलं तर लागलं, नाही तर नाही.”

मी अर्ध्या तासात ते वाक्य लिहिलं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं: संदर्भ विभागातील चौदा ग्रंथ परिचराकडून, प्रिझ्युमेबली, बाहेर गेले आहेत. मला वाटलं, मी मामांना वाचवलं. सरळ आरोप होऊ शकला असता, त्याच्यापुढे मी एक शब्द घालून त्याची धार बोथट केली. सरांनी दोनदा वाचून पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “वा! आरोपही नाही आणि सोडलंही नाही. याला म्हणायचं इंग्रजी.”

खोटं कशाला सांगू, मला ती थाप आवडली. खाली तिघांच्या सह्या झाल्या.

पुढे काय झालं ते मला नंतर फाइल पाहिल्यावर कळलं. इंग्रजी अहवालावर कार्यालयात नेहमीप्रमाणे मराठी टिपणी तयार झाली. टिपणी करणाऱ्याला मोजकं लिहायची सवय. त्याने लिहिलं, ‘परिचराकडून चौदा ग्रंथ बाहेर गेल्याचे समितीस आढळले.’ त्या टिपणीवरून पुढच्या टेबलावर नोटीस तयार झाली: ‘आपण चौदा ग्रंथ गहाळ केल्याचे निदर्शनास आले असून, याबाबत आपणावर कारवाई का करू नये याचा खुलासा सात दिवसांत करावा.’ माझा शब्द पहिल्याच टेबलावर गळून पडला होता. उरलेलं वाक्य मात्र पुढच्या प्रत्येक टेबलावर पोचलं. नोटिशीची एक प्रत सेवापुस्तकात लागणार होती. खुलासा समाधानकारक नसेल तर निवृत्तीची कागदपत्रं अडणार होती. आणि मामांच्या गावात, जिथे त्यांना लोक लग्नपत्रिका वाचायला बोलावत, ‘कॉलेजातली पुस्तकं विकली’ ही बातमी कागदाआधीच पोचली असती.

मामांनी ती नोटीस कुणाकडे न्यावी? माझ्याकडेच आणली. दुपारची वेळ, परीक्षा चालू होत्या, ग्रंथालय रिकामं. जाळीच्या आत येऊन त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला.

“गड्या, मराठी वाचलं म्या. ह्याला मागं विंग्रजी टोचलंय. त्यात काय हाय ते वाचून दाव.”

नोटिशीला आमच्या अहवालाची प्रत जोडलेली होती. मी वाचायला लागलो. आधी तारखा, रॅक, संख्या हे सगळं सावकाश वाचलं. ते वाक्य आलं तेव्हा मी थांबलो. मग मराठीतून घाईघाईत सांगितलं. मामांनी कागदावर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी अक्षरं जुळवता येत नव्हती, पण वाक्यात लांबलचक शब्द कोणता ते दिसत होतं.

“हा शबूद कंचा?”

“प्रिझ्युमेबली.”

“धरून चालायचं,” मामा म्हणाले.

“हो.”

“म्हंजी बघायला कुनी गेलं न्हाई.”

त्यांचं बोट खाली सह्यांवर गेलं. “ही सही कुनाची?” इतिहासाच्या सरांची, मी सांगितलं. “ही?” अधीक्षकसाहेबांची. तिसऱ्या सहीवर बोट आलं, क्षणभर थांबलं आणि त्यांनी ते उचललं. ती सही कुणाची हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या वाचनकक्षाच्या वहीत मी तीन वर्षं रोज तीच सही केली होती.

“यादी वाचा, सर,” मामा म्हणाले.

जाळीच्या आत त्यांनी मला ‘सर’ म्हटलं ते पहिल्यांदा.

मी यादी वाचायला लागलो. दाखल क्रमांक, ग्रंथाचं नाव, खंड. दोन नावं झाल्यावर मामांनी हात वर केला.

“नावं नगं. नावानं मला काय कळनार? आंगानं कशी हायेत ती सांगा.”

“मोठी आहेत. बारा तर एकाच ज्ञानकोशाचे खंड आहेत, एकाला लागून एक.”

“लाल?”

मी विद्यार्थी असताना ते खंड जाळीत वरच्या फळीवर असायचे. मला आठवलं. “लाल.”

“पाठीवं सोन्यावानी रेघ?”

“हो.”

“अन् बाकीची दोन? त्यातलं एक आडवं, नकाशाचं?”

“नकाशाचंच.”

मामांनी कपाळावर हात मारला. “आरं द्येवा! ती व्हय? ती तर पूजंला बसल्यात!”

आमच्या कॉलेजात खंडेनवमीला संस्थेच्या सभागृहात सरस्वतीपूजन असतं. चौरंगावर मूर्ती आणि तिच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं. त्यासाठी दरवर्षी कार्यालयातून मामांना निरोप जाई: चांगली, जाडजूड, शोभतील अशी पुस्तकं द्या. मामा लाल खंड नेत, कारण शोभतील अशी तीच होती. दसरा झाला की परत आणत. तीन वर्षांपूर्वी सभागृहात नवं सागवानी कपाट आलं. तेव्हाच्या प्राचार्यांनी सांगितलं, दरवर्षी कशाला ने-आण करता, राहू द्या इथेच, आपली पूजेची पुस्तकं म्हणून. मामांनी ठेवली. कपाटाची किल्ली कार्यालयात गेली. नोंद कुणी करायची हा प्रश्न कुणालाच पडला नाही. पूजेच्या वस्तूची पावती कोण मागतो?

“मग पडताळणीच्या वेळी सांगितलं का नाही?” मी विचारलं. विचारताना माझं मलाच ते कसंतरी वाटलं.

“इचारलं कुनी? तुमी आपसात आकडं बोलत हुता. मला वाटलं बारकी-सारकी कायतरी असतील पोरांनी नेल्याली.”

आम्ही दोघं कार्यालयात गेलो. अधीक्षकांनी किल्ली घेतली, इतिहासाचे सरही वाटेत भेटले ते सोबत आले. कपाट उघडलं. वरच्या खणात क्रीडास्पर्धांचे चषक, खालच्या खणात पांढऱ्या कापडावर बारा लाल खंड आणि त्यांच्यावर आडवी ठेवलेली दोन पुस्तकं. पुठ्ठ्यांवर सुकलेलं हळदीकुंकू, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या. कपाट उघडताच सरांनी सवयीने पुस्तकांना हात लावून कपाळाला लावला आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मी एक खंड काढून उघडला. आत आपट्याचं पान होतं, आणि पहिल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक.

“ही पुस्तकं होय!” अधीक्षक म्हणाले. “मला वाटलं ही संस्थेचीच.”

ते कुंकू दरवर्षी त्यांनीच लावलेलं होतं. गेल्या दोन खंडेनवमींना मीही त्यांच्या मागे हात जोडून उभा होतो. ज्या पुस्तकांपुढे आम्ही तिघं वाकलो, तीच आम्ही तिघांनी सही करून चोरीला गेलेली ठरवली होती. पूजेला ठेवलेल्या पुस्तकाचं नाव कोण वाचतं?

मामांनी खिशातलं फडकं काढून खंड पुसायला सुरुवात केली.

प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण कागद झालेला होता, आणि कागदाला उत्तर कागदानेच द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी मला बोलावलं. चहा मागवला.

“सर, आता एक पुरवणी अहवाल लागेल. तुमचा तो शब्दच घाला की परत. पुस्तकं मध्यंतरी प्रिझ्युमेबली इकडंतिकडं झाली होती, आता सापडली. कुणाच्या अंगावर नको.”

“नोटीस मामांच्या अंगावर गेलीय, साहेब.”

“ती आपण दप्तरी दाखल करून टाकू.”

दप्तरी दाखल म्हणजे नोटीस फाइलमध्ये राहणार, फक्त तिच्यावर पुढे काही होणार नाही. मी विचार करतो म्हणालो. दोन दिवस मी काही लिहिलं नाही. जूनचा आदेश याच कार्यालयातून निघणार होता, मुलाखतीच्या टेबलामागे हेच सर बसणार होते. हे मला माहीत होतं आणि अधीक्षकांना ते मला माहीत असल्याचं माहीत होतं. त्या दोन दिवसांत मी ग्रंथालयात दोनदा गेलो. दोन्ही वेळा मामांनी जाळीच्या आतली खुर्ची पुसली आणि “बसा सर” म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. शब्दाचं भाडंही त्यांनी मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी लिहिलं. चार वाक्यं. चौदा ग्रंथ संस्थेच्या सभागृहातील कपाटात आहेत. ते तत्कालीन प्राचार्यांच्या सूचनेवरून पूजेसाठी तिथे ठेवण्यात आले. समितीने परिचराला विचारले नाही. समितीच्या पहिल्या अहवालातील परिचराविषयीचे वाक्य चुकीचे असून ते व त्यावरून दिलेली नोटीस मागे घ्यावी. चारांत तसलं एकही क्रियाविशेषण नव्हतं.

अधीक्षकांनी ते वाचलं. “सर, तुम्हाला जूनमध्ये परत यायचंय ना?” ते हसत म्हणाले. हसत म्हणाले हे खरं.

“यायचंय.”

“मग इतकं उघडं?”

“असंच झालं ना, साहेब?”

“झालं असंच. पण झालं तसं कोण लिहितं?”

इतिहासाच्या सरांनी आठ दिवस सही केली नाही. कागद त्यांच्या टेबलावर पडून राहिला. नव्या प्राचार्यांनी एकदा विचारलं, पुन्हा विचारलं, मग सही झाली. नोटीस मागे घेतल्याचं पत्र निघालं, सेवापुस्तकात काही लागलं नाही. जूनअखेर मामांचा निरोपसमारंभ त्याच सभागृहात झाला. शाल, श्रीफळ, फोटो. भाषणात मी पंखा, शब्दकोश आणि चष्मा या तिन्हींविषयी बोललो, लोक हसले. मामा दोनच वाक्यं बोलले. “पुस्तकं सगळी जाग्यावर हायेत. किल्ली साहेबांकडं दिली.” मग मी पाया पडलो तेव्हा खांद्याला धरून मला उठवलं आणि म्हणाले, “येत जावा, सर.”

नव्या वर्षी मला आधीच्या निम्मे तास मिळाले. त्याचा या प्रकरणाशी संबंध होता का, हे मला माहीत नाही. मी शोधायला गेलो नाही, म्हणून लिहीतही नाही. पुढच्या वर्षी कोल्हारजवळच्या एका कॉलेजात मला पूर्ण वेळ जागा मिळाली आणि आता मी तिथेच आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना हा शब्द शिकवायची वेळ येते तेव्हा मी एसटीचंच उदाहरण देतो. प्रिझ्युमेबली हा शब्द वाईट नाही. ज्याला स्टँडवर जाणं शक्यच नाही, त्याने तो वापरावा. मी इतकंच पाहिलं, पुढचं धरून चाललो, असं सांगणारा तो प्रामाणिक शब्द आहे. पण स्टँड समोर असताना जो जात नाही, त्याने तो वापरू नये. मुलं हे वहीत उतरवून घेतात. मी हे कुठून शिकलो ते त्यांना सांगत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या चार वाक्यांत नव्हती. त्यांत ‘समिती’ होती. ‘मी’ कुठेच नव्हता. भाषणातही नव्हता. मामा निवृत्त झाल्यावर मी त्यांना तीन-चारदा फोन केला. फोन बहुतेक वेळा नातवाच्या हातात असतो. मामा आले की पीकपाण्याचं विचारतात, “बरं हाय का, सर” म्हणतात आणि फोन ठेवतात. या दसऱ्याला आमच्या नव्या कॉलेजात पूजा झाली. मी पुढे होऊन चौरंगावरच्या पुस्तकांची नावं वाचली. घरी आल्यावर मामांना पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी टपालात टाकलं. ते असं:

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही ‘असू द्या’ म्हणाला असता आणि माझीही सुटका झाली असती. म्हणून लिहितो.

तुम्हाला जी नोटीस आली, तिच्या मागच्या इंग्रजी कागदावरचं तुमच्याविषयीचं वाक्य मी लिहिलं. असं लिहा म्हणून मला सांगितलं गेलं हे खरं, पण हात माझा होता. तो शब्द त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाला सुचलाही नसता. तो मला तुमच्या टेबलाशी बसून आला होता.

तुम्ही पुस्तकं विकली असं मला एकदाही वाटलं नाही. हे सांगून माझी चूक कमी होत नाही, वाढते. वाटत नसताना लिहिलं. तुम्ही तेव्हा माझ्यापासून दहा-बारा फुटांवर होता. उठून यायचं आणि मामा, लाल पुस्तकं कुठे आहेत, एवढं विचारायचं होतं. मी उठलो नाही, कारण पुढच्या जूनची भीती होती, आणि शिवाय मला वाटलं की चांगला शब्द घातला की काम झालं.

तिसरी सही कुणाची ते तुम्ही विचारलं नाही. तुम्ही ओळखली होती. मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. ते आज सांगतो. ती माझी सही आहे.

मला माफ करा असं लिहिणार होतो. ते समोर येऊन म्हणतो. दिवाळीची सुट्टी लागली की पहिल्या शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो, दुपारपर्यंत तुमच्या दारात असेन. तुम्ही शेतात गेला असाल तर ओट्यावर बसून राहीन. ‘सर’ म्हणालात तरी बसेन.

मामींना नमस्कार. नातवाला म्हणावं, शब्दकोश घेऊन येतो. मोठा नाही, पण घरी ठेवता येतो.

आपला विद्यार्थी